मिनिटाला शंभर पावलं

‘झाले का दहा हजार?’ हा प्रश्न हल्ली ‘जेवलात का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो. रात्री साडेदहाला बेडरूम ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालून उरलेली आठशे पावलं भरून काढणारी मंडळी आता प्रत्येक सोसायटीत आहेत. सकाळी ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतात आणि त्याखाली टाळ्या वाजवणारे हात.

हा आकडा आला जपानमधून. टोकिओ ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, यामासा कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल, तोंडात बसणारा. त्यामागे त्या वेळी फार मोठा अभ्यास होता असं नाही. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. म्हणजे दहा हजारांसाठी रात्री गॅलरी झिजवायची गरज नव्हती.

पण मला या लेखात बोलायचं आहे ते किती चाललो याबद्दल नाही, कसं चाललो याबद्दल. देवळाभोवती रमतगमत घातलेल्या फेऱ्या आणि लोकल पकडायला मारलेली धाव घड्याळाच्या एकूण आकड्यात सारखीच पडतात. छाती आणि मांड्या मात्र त्यांना सारखं मानत नाहीत.

व्यायाम किती जोराचा झाला हे मोजायला शरीरविज्ञानात ‘मेट’ हे माप वापरतात. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तो एक मेट. तीन मेटच्या वर मध्यम व्यायाम सुरू होतो, सहाच्या वर जोरकस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो मध्यम आहे की नाही, हे बागेत फिरणाऱ्या माणसाने कसं ओळखायचं? तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजत तर कोणी पर्वतीवर जात नाही.

अमेरिकेतल्या कॅट्रीन ट्यूडर-लॉक यांनी या प्रश्नामागे बरीच वर्षं घालवली. त्यांच्या गटाने वेगवेगळ्या वयाच्या लोकांना ट्रेडमिलवर चालवलं, वेग पायरीपायरीने वाढवला, एकीकडे पावलं मोजली आणि दुसरीकडे ऑक्सिजन. जे हाती आलं ते कोणालाही पाठ होईल इतकं सोपं आहे. मिनिटाला शंभर पावलं म्हणजे ढोबळमानाने तीन मेट, १३० पावलं म्हणजे सहा मेट. माणसागणिक थोडं मागेपुढे होतं. उंच माणसाला त्याच जोरासाठी थोडी कमी पावलं लागतात, बुटक्याला थोडी जास्त. पण तिशीतल्या माणसालाही शंभर आणि सत्तरीतल्यालाही शंभरच्या आसपासच, हे संशोधकांनाही सुखावणारं होतं. फरक इतकाच, की तीन मेट हे तिशीतल्याला किरकोळ वाटतात आणि सत्तरीतल्याला घाम फोडतात.

ही कसोटी मी दादरच्या शिवाजी पार्कवर लावून पाहिली. कट्ट्यावर बसायचं, घड्याळाकडे एक डोळा ठेवायचा आणि समोरून जाणाऱ्याची पावलं १५ सेकंद मोजून चाराने गुणायची. पांढरे बूट, डोक्याला टोपी, दोन्ही हात कोपरात वाकवलेले असे एक गृहस्थ मोठ्या आवेशात गेले. पंधरा सेकंदांत बावीस पावलं, म्हणजे मिनिटाला ८८. त्यांच्या मागून एक बाई आल्या. साडी, पायात चपला, हातात दुधाची पिशवी. त्या व्यायामाला आल्याच नव्हत्या, त्यांना घरी पोचायचं होतं. त्यांची भरली २९, म्हणजे ११६. आवेश आणि वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढं कट्ट्यावरून नीट दिसतं.

आता शंभराचा आकडा कळला तरी चालताना मोजत कोण राहणार? तिसऱ्या मिनिटाला मन गॅसच्या बिलाकडे जातं. इथे गाणं कामाला येतं. मिनिटाला १०५ ठोके पडणारं गाणं कानात असेल आणि पाय ठोक्यावर पडत असतील, तर मोजणी गाणंच करतं. घड्याळ बघावं लागत नाही. गाण्याच्या नादाने माणूस जास्त चालतो, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण मला गाण्याचा उपयोग त्याहून जास्त मापाचा वाटतो. गाणं हे कानाने वाचायचं वेगमापक आहे.

आणि पाय ठोक्यावर पडायला फारसं शिकवावं लागत नाही. २००५ मध्ये मॅकडुगल आणि मूर या दोन संशोधकांनी लोकांच्या अंगावर हालचाल टिपणारे संवेदक लावून त्यांना दिवसभर आपापले व्यवहार करू दिले. नोंदी पाहिल्यावर शरीराच्या हालचालीची एक ठळक लय दिसली, सेकंदाला दोन, म्हणजे मिनिटाला १२०. उंची, वजन, वय, बाई की पुरुष यांनी त्यात विशेष फरक पडला नाही. त्यांनी मग नाचाच्या आणि लोकप्रिय गाण्यांच्या लयी तपासल्या. तिथेही गर्दी १२० भोवतीच होती.

लष्कराला हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी सापडलं होतं. ‘तेज चल’चा वेग बहुतेक सैन्यांत मिनिटाला ११६ ते १२० पावलांचा असतो. शाळेत पंधरा ऑगस्टला बँडच्या ड्रमवर ‘बायाँ-दायाँ’ केलेल्या प्रत्येकाच्या पायात तो मुरलेला आहे. याला एक नामी अपवाद आहे, फ्रान्सची फॉरेन लीजन. तिची चाल मिनिटाला ८८. पॅरिसमध्ये १४ जुलैच्या संचलनात बाकीच्या तुकड्यांबरोबर तिचं जमतच नाही, म्हणून पायदळात ती शेवटी येते आणि लोक तिच्यासाठीच थांबलेले असतात. शिवाजी पार्कवरच्या त्या गृहस्थांची चाल लीजनची होती, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

गाण्याने वेग खरोखर वाढतो का, ही शंकाही शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती होत. लेनर्ड एअर्स यांनी तिथे बँड वाजताना आणि थांबल्यावर स्वारांचा वेग टिपला आणि १९११ मध्ये छापला. बँड वाजत असताना चाकं जास्त पळत होती. पुढचा गाजलेला दाखला इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीचा. १९९८ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या बंदिस्त स्टेडियममध्ये दोन हजार मीटर धावताना ध्वनिक्षेपकावर स्कॅटमन जॉनचं ‘स्कॅटमन’ लावलेलं होतं आणि त्याने जागतिक विक्रम केला. गाणं त्याच्याच पसंतीचं होतं, त्याच्या पावलांना बसणारं.

मला मात्र विक्रमापेक्षा लिव्हरपूलचा एक साधा प्रयोग जास्त बोलका वाटतो. २०१० मध्ये वॉटरहाउस आणि सहकाऱ्यांनी बारा विद्यार्थ्यांना स्थिर सायकलवर बसवलं आणि त्यांच्या आवडीच्या वेगाने पेडल मारायला सांगितलं. कानात तीच ती गाणी तीन वेगवेगळ्या दिवशी. एकदा मूळ लयीत, एकदा दहा टक्के जलद, एकदा दहा टक्के संथ. लयीत फेरफार केल्याचं मुलांना सांगितलं नव्हतं. जलद गाण्यांनी त्यांचं अंतर २.१ टक्क्यांनी वाढलं. संथ गाण्यांनी ते ३.८ टक्क्यांनी घटलं आणि पेडलवरचा जोर तर जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरला.

हे आकडे दोनदा वाचण्यासारखे आहेत. जलद गाणं थोडंसं ढकलतं, संथ गाणं मात्र चांगलंच मागे ओढतं. गाण्यांची यादी करणारे सगळे जण धडाकेबाज गाणं शोधत बसतात. यादीत मध्येच शिरलेलं संथ गाणं काढून टाकण्यात जास्त फायदा आहे, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. शिवाय लयीचा जोर एका मर्यादेपर्यंतच चालतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागॉर्गिस हे या विषयातलं मोठं नाव. त्यांच्या अभ्यासांत व्यायामासाठी लोकांना भावणारी लय बहुतेक वेळा १२० ते १४० च्या पट्ट्यातच सापडते. त्यापुढे गाणं कितीही पळवलं तरी जादा काही मिळत नाही. आणि व्यायाम फार कठीण झाला, धाप लागली, की मन गाण्यावरून उठून श्वासाकडे जातं. तेव्हा थकवा विसरायला लावण्याची गाण्याची ताकद ओसरते. चालणारा माणूस सहसा त्या टोकाला जात नाही, म्हणूनच गाण्याचा खरा उपयोग पळणाऱ्यापेक्षा चालणाऱ्याला.

लय हीच सगळी गोष्ट आहे असंही नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात मार्क लेमान यांच्या गटाने ५२ गाणी घेतली, सगळी मिनिटाला बरोबर १३० ठोक्यांची. लोक त्यांवर ठोक्याला पाऊल टाकत चालले, म्हणजे पावलांची संख्या प्रत्येक गाण्याला तीच. तरी काही गाण्यांवर माणसं जास्त पुढे गेली आणि काहींवर कमी, कारण ढांग बदलली. ठोका खणखणीत असेल तर पाऊल लांब पडतं, गाणं गुळगुळीत असेल तर आखूड. आपल्याकडे ढोल-ताशा ऐकून पाय कसे पडतात आणि तीच लय एखाद्या हळुवार भावगीताची असली तर कसे पडतात, हे आठवून पाहावं. प्रयोगशाळेची गरज नाही.

इथे आपल्या संगीताची एक गंमत पुढे येते. परदेशी ॲपला मराठी किंवा हिंदी गाणं दिलं की ते कधी ९० सांगतं, कधी त्याच गाण्याला १८०. ॲपचा त्यात दोष नाही. केरव्याच्या आठ मात्रांत पाऊल प्रत्येक मात्रेवर टाकायचं की एकाआड एक, हे गाण्यात लिहिलेलं नसतं. दादऱ्यात सहा मात्रा, लय चढी असली की पाय पहिलीवर आणि चौथीवर पडतात. तेव्हा मात्रा मोजत बसू नये, गाणं लावून जागच्या जागी चालून पाय कुठे पडतो ते मोजावं. घरातल्या घरात वीस-पंचवीस गाणी अशी तपासली की आपली यादी तयार. सुरुवातीच्या आलापात किंवा दोन कडव्यांमधल्या संगीतात ठेका सोडणारी गाणी बाद करावीत, कारण तिथे पाऊल चुकतं आणि मग उरलेलं गाणं ते जुळवण्यात जातं. आणि हो, किराणा घराण्याचा विलंबित ख्याल लावून वॉकला जाणारे एक परिचित आहेत. दोन मात्रांच्या मध्ये त्यांची अर्धी गल्ली ओलांडून होते. त्यांच्या आनंदाविषयी माझी काही तक्रार नाही, त्याला व्यायाम म्हणू नये एवढंच.

जुन्या गाण्यांची लांबीही अचानक उपयोगाची ठरते. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, म्हणून त्या काळातली कितीतरी गाणी तेवढीच आहेत. आता हे जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिनशू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांच्या पद्धतीशेजारी ठेवून पाहा. तीन मिनिटं भरभर चालायचं, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. भरभर म्हणजे आपल्या कमाल दमाच्या सत्तर टक्के तरी, सावकाश म्हणजे चाळीस टक्के. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच महिन्यांनंतर अशा चालण्याने मध्यमवयीन आणि वृद्धांच्या मांड्यांची ताकद, दमसास आणि रक्तदाब एकसुरी चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. शिट्टी आणि टायमर घेऊन हे करणं वैतागाचं आहे. एक चढ्या लयीचं गाणं, एक रमतं गाणं, पुन्हा चढं, अशी दहा गाणी लागोपाठ लावली की झालं. अर्ध्या तासात व्यायामही होतो आणि आवडीच्या गायिकेला दहा वेळा भेटूनही होतं.

लयीवर चालण्याचा सर्वांत गंभीर उपयोग मात्र बागेत दिसत नाही, रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसतो. पार्किन्सनच्या रुग्णाची पावलं आखूड होत जातात, फरपटतात आणि कधीकधी दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबतात. पुढे जायचं आहे, अंगात ताकदही आहे, पण पहिलं पाऊल सुटत नाही. पुण्यातल्या एका फिजिओथेरपी विभागात असे एक काका दारात अडकलेले मी पाहिले. शेजारच्या तरुण थेरपिस्टने त्यांना ओढलं नाही की ‘चला, चला’ म्हटलं नाही. तिने खिशातून मोबाइल काढला, मेट्रोनोम सुरू केला आणि म्हणाली, ‘‘काका, घाई नाही. टक ऐका. टकला टाच टेका.’’ काकांनी चार टक नुसते ऐकले. पाचव्याला उजवी टाच उचलली गेली आणि ते उंबरा ओलांडून थेट पाण्याच्या कूलरपर्यंत गेले. टक बंद केल्यावर पावलं पुन्हा आखडली, हेही सांगायला हवं.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या मायकेल थॉट यांनी घातला. १९९६ मध्ये त्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना तीन आठवडे रोज घरी ठोक्याच्या संगीतावर चालायला लावलं. त्यांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला, ढांग १२ टक्क्यांनी. मेंदूच्या खोल भागातली जी यंत्रणा आपोआप पावलांचं वेळापत्रक सांभाळते तीच या आजारात बिघडते. बाहेरून आलेला ठोका त्या घड्याळाची उसनी जागा घेतो, असा त्यामागचा विचार. पक्षाघातातून सावरणाऱ्यांसाठीही ही पद्धत वापरतात.

पण सगळ्यांनी उचलावी अशी गोष्ट तिच्या कार्यपद्धतीत आहे. थेरपिस्ट आधी ठोका लावत नाही. आधी रुग्णाची स्वतःची चाल मोजतो. ती मिनिटाला ८० असेल तर ठोका ८० चाच. पाय त्यावर बसले की पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायचा, ते पचलं की आणखी थोडा. बागेतला निरोगी माणूस नेमकं उलटं करतो. ‘हाय एनर्जी वर्कआउट’ नावाची तयार यादी लावतो, त्यात १४० चा ठोका असतो, पाय ९५ वर असतात आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. मग ते गाणं नुसतं पार्श्वसंगीत होतं. ज्याची सहज चाल ९० आहे त्याला ९६ चं गाणं कामाचं. पंधरवड्याने १०२. शंभरावर तो असाच पोचेल, आणि गुडघे कुरकुरले तर एक पायरी खाली उतरायलाही सोपं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरच्या गोळ्या चालू असलेल्यांना तर नाडीचे ठोके व्यायामाचा जोर नीट सांगतच नाहीत, कारण गोळी ते दाबून ठेवते. त्यांना पावलांची लय आणि श्वास हीच दोन मापं उरतात.

श्वासाचं माप म्हणजे बोलून पाहणं. चालता चालता बोलता येतं पण गाता येत नाही, तेव्हा व्यायाम मध्यम. गाताही येतं, म्हणजे हलका. दोन-तीन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, म्हणजे जोरकस. ही कसोटी वाचल्यावर मला पहिल्यांदा वारी आठवली, कारण वारकरी तर चालतात आणि गातात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येक दिंडीत वीणेकरी, टाळकरी, मृदंगी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट. मध्यम व्यायामाच्या वेगाने एवढी वाट गात कापता आलीच नसती. गाता येईल इतपतच वेग ठेवल्यामुळे साठीतली माणसं दिवसाला वीस किलोमीटर चालतात आणि मुक्कामी पोचल्यावर कीर्तनालाही बसतात. गाणंही एकट्याचं नसतं. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी उचलायचा, तेवढ्यात पहिल्याचा दम परत येतो. जोर लागतो तो पावली खेळताना आणि फुगड्यांत. तेव्हा पखवाज चढतो, आणि मृदंग्याची नजर पायांवर असते. लय किती चढवायची आणि कधी उतरवायची, हे तो समोरच्यांकडे पाहून ठरवतो.

यंत्राला हे जमवायचा प्रयत्न झालेला आहे. स्पॉटिफायने २०१५ मध्ये धावणाऱ्यांसाठी एक सोय आणली. फोन पावलं ओळखायचा आणि त्या लयीची गाणी लावायचा. २०१८ मध्ये ती बंदही झाली. शाळेतल्या लेझमीच्या सरांना यात नवं काही वाटलं नसतं. ‘चार आवाज’ संथ लयीत बसवून घ्यायचे, ‘आगे फलांग’पर्यंत येता येता हलगीवाल्याला डोळ्यांनीच खूण करायची, आणि पोरं दमली की पुन्हा पहिल्या लयीवर आणायचं.

राहिला प्रश्न कानांचा. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स महासंघाने २००७ मध्ये शर्यतींत हेडफोनवर बंदी घातली आणि लवकरच हौशी धावपटूंसाठी ती सैल केली. त्यांचे रस्ते शर्यतीपुरते बंद तरी असतात. आपल्याकडे फूटपाथवर मोटारसायकल उभी असते, म्हणून माणूस रस्त्यावर उतरतो, आणि रिक्षा रिव्हर्समध्ये येते. रस्त्यावर चालायचं असेल तर एकच कान भरावा, दुसरा मोकळा. बागेत दोन्ही चालतील. फोनचा स्पीकर मोठ्याने लावून फिरणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं, की त्यांच्या गाण्याने आजूबाजूच्या दहा जणांची लय बिघडते, आणि ती बिघडते हे वर आकड्यांसकट सांगितलं आहे.

एका जोडप्याने मला विचारलेला प्रश्न राहिलाच. दोघं एकाच जोडीचे इअरफोन वाटून घेतात, एकच गाणं ऐकतात, पाय एकाच वेळी पडतात, तरी वायर सारखी ताणली जाते आणि बाईंच्या कानातलं निघून पडतं. हिशेब सरळ आहे. नवऱ्याची ढांग सत्तर सेंटिमीटरची, बाईंची साठची. मिनिटाला शंभर पावलांत ते ७० मीटर जातात, त्या ६०. अर्ध्या तासात तीनशे मीटरचं अंतर. बरोबरीने चालायचं तर बाईंना ११७ ठोक्यांचं गाणं हवं आणि त्यांना शंभराचं, म्हणजे दोन फोन आले. गाणं एकच ठेवायचं असेल तर नवऱ्याने ढांग आखडती घ्यावी आणि दोघांनी ११० चं काहीतरी लावावं. ‘‘गाणं कोण निवडणार?’’ बाईंनी लगेच विचारलं. त्यावर कुठल्याच विद्यापीठात अभ्यास झाल्याचं मी वाचलेलं नाही.